घरी आली म्हणून रुळली, असं होत नाही: एका सैनिकाच्या मुलीच्या शाळाबदलाचं प्रकरण

जवानाचं कुटुंब एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जातं तेव्हा मुलांची शाळा बदलते, पण शाळेचा साचा बदलत नाही. जोधपूरच्या केंद्रीय विद्यालयातून निघालेलं पोर सिकंदराबादच्या केंद्रीय विद्यालयात गेलं तर पुस्तकं तीच, वर्ग एप्रिलमध्येच सुरू होणार, सकाळची असेंब्लीही तशीच, आणि वर्गातली बरीच मुलं आपल्यासारखीच कुठून कुठून आलेली. ही व्यवस्था मुळात बदलीच्या नोकऱ्यांसाठीच उभी राहिली. १९६३ मध्ये सैनिकांची वस्ती मोठी असलेल्या ठिकाणच्या २० रेजिमेंटल शाळा केंद्राने ताब्यात घेतल्या आणि त्यांतून केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली. पुढे १९८३ मध्ये आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि आर्मी पब्लिक स्कूलांची भर पडली. खरी गोची होते ती कुटुंब या साखळीतून बाहेर पडून गावी येतं तेव्हा. आणि नेमकं तेव्हाच सगळे म्हणतात, "आता काय, घरीच आली की!"

हे प्रकरण अशाच एका मुलीचं. सातवीत आली तेव्हा बारा वर्षांची होती. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि त्या वर्षी तिची वर्गशिक्षिका होते. ओळख पटू नये म्हणून नाव दिलेलं नाही आणि ठिकाणांचे काही तपशील बदलले आहेत. आमच्या भागात दोन घरांआड एक माणूस फौजेत असतो. अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. त्यामुळे सैनिकांची मुलं आम्हाला काही नवी नाहीत, असा शाळेत एकूण समज. हाच समज तिच्या आड आला.

कुठून कुठे

वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार. मुलीचा जन्म बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलातला. पहिली-दुसरी तिथेच, तिसरी-चौथी सिकंदराबादला आर्मी पब्लिक स्कूलमध्ये, पाचवी-सहावी जोधपूरच्या केंद्रीय विद्यालयात. मग वडिलांची नेमणूक राष्ट्रीय रायफल्सवर (आरआर), म्हणजे सैन्याच्या दहशतवादविरोधी दलात, काश्मीरला झाली. आरआरचा काळ साधारण दोन-अडीच वर्षांचा. तिथे कुटुंब नेता येत नाही, आणि जोधपूरचं क्वार्टर सोडावं लागतं. अशा वेळी दोन वाटा असतात. एखाद्या मोठ्या स्टेशनवर एसएफ क्वार्टर मिळवायचं, म्हणजे फील्डला, कुटुंब नेता येत नाही अशा नेमणुकीवर, गेलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी राखलेलं घर, आणि मुलांना तिथल्याच केंद्रीय विद्यालयात घालायचं. नाहीतर गाव गाठायचं. पुण्याच्या एसएफ क्वार्टरसाठी नाव लावलेलं होतं, यादी लांबलचक होती. त्यात गावी आजी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मे महिन्यात काळ्या लोखंडी पेट्या, वर पांढऱ्या रंगात वडिलांचा नंबर, हुद्दा आणि नाव, अशा गावच्या पडवीत येऊन लागल्या.

पाहुण्यांनी सल्ले दिलेच. "साताऱ्याला सैनिक स्कूल आहे ना, घाला की तिकडं." साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं. पण ते सैनिकांच्या मुलांना बदलीत सोय म्हणून काढलेलं नाही. प्रवेश सहावीत आणि नववीत, तोही अखिल भारतीय परीक्षेतून. सैनिकांच्या पाल्यांसाठी काही जागा राखीव असतात, इतकंच. मुलगी सातवीत होती, म्हणजे तो प्रश्नच मिटला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाचीही आईने चौकशी केली होती. पण बाप नुकताच फील्डला गेलेला असताना मुलीला आईपासूनही लांब ठेवायचं तिला पटेना, आणि ते बरोबरच होतं. रोज जाता येईल असं केंद्रीय विद्यालय गावाजवळ नव्हतं. राहिली आमची शाळा, जिथे तिचे वडीलही शिकले होते.

दाखला, पोर्टल आणि आडनाव

अमेरिकेत लष्करी मुलांच्या शाळाबदलासाठी सगळ्या ५० राज्यांनी एक करार स्वीकारलेला आहे. कागद, श्रेणी, विषय यांवरून मूल अडू नये यासाठी. आपल्याकडे राज्याराज्यांत असं काही नाही. आहे ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५. पहिली ते आठवीच्या मुलाला कोणत्याही कारणाने, राज्यातून किंवा राज्याबाहेरून, सरकारी वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे. आधीच्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही "आधी दाखला आणा" हे वाक्य शाळांच्या खिडकीवर आजही ऐकू येतं. आमच्याकडे ते ऐकावं लागलं नाही याचं श्रेय आमच्या लिपिकांना. त्यांनी आधी वर्गात बसवलं, कागद मागाहून.

कागद मात्र चांगले दमवणारे निघाले. केंद्रीय विद्यालयाचं सत्र एप्रिलपासून, आमचं जूनच्या मध्यापासून. त्यामुळे ती तिकडे एप्रिलमध्येच सातवीत बसलेली होती आणि यूडायस या देशभरच्या शाळांच्या सरकारी पोर्टलवर चालू वर्षाची विद्यार्थिनी म्हणून तिथेच दिसत होती. ती तिथून मोकळी झाल्याशिवाय इकडे तिची नोंद येणार नाही. त्यासाठी तिच्या कायम क्रमांकावरून तिकडच्या शाळेला विनंती पाठवायची, आणि तिकडे उन्हाळी सुट्टी. आमच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, आधार जुळलेली मुलंच मोजली जातात, म्हणून तरी या कामाला ऑफिसात वेग आला. मुलाच्या हितापेक्षा शिक्षकाच्या पदाची काळजी जास्त जोर लावते हे कटू आहे, पण या वेळी दोन्हींची दिशा एक होती.

दुसरी अडचण नावाची. तिचं आधार बेळगावला काढलेलं, त्यावर नाव आणि आडनाव एवढंच. केंद्रीय विद्यालयाच्या दाखल्यावर तेच. आमच्या जनरल रजिस्टरला मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वर आईचं नाव वेगळं. शिवाय धर्म-जातीचा रकाना. तिकडच्या दाखल्यावर फक्त प्रवर्ग असतो, जात नसते. हा रकाना आज क्षुल्लक वाटतो, पण उद्या जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला शाळेची नोंद पहिली मागतात, त्यातून मुलीचा जन्म कर्नाटकातला. लिपिकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. वडिलांच्या शाळेच्या वेळची नोंद तिथेच होती, त्याच आडनावाची, त्याच जातीची. तिच्यावरून मुलीची नोंद झाली आणि आधारची दुरुस्ती आईकडे सोपवली. बाहेरून येणाऱ्या सैनिकाच्या मुलांच्या बाबतीत ही एक गोष्ट मी सर्वांना सांगते: वडील ज्या शाळेत शिकले तिथला प्रवेश-निर्गम उतारा पहिल्याच आठवड्यात मागून ठेवा.

आईला हेही माहीत नव्हतं की मराठी माध्यमाच्या जवळजवळ फुकट शाळेत घातलं तरी जवानाला पगारासोबत मिळणारा बालक शिक्षण भत्ता बंद होत नाही. जानेवारी २०२४ पासून तो दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे आहे, दोन मुलांपर्यंत, आणि त्यासाठी फीच्या पावत्या लागत नाहीत. वर्षभर मूल शाळेत शिकलं असं मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र पुरतं. इंग्रजी शाळेची फी नाही म्हणजे भत्ताही नाही असं घरात धरून चाललं होतं.

तुकडीचा निर्णय सोपा होता. सेमी-इंग्रजी तुकडीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असल्यामुळे ते दोन विषय तिच्या हातातलेच होते. वर्गात कुणी हात वर करायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

मराठी येतं म्हणजे काय येतं

"मॅडम, तिला मराठी येतं हो, घरी आम्ही मराठीच बोलतो," आई पहिल्या दिवशी म्हणाली. आजीचं त्याहून पुढचं: "आपल्याच गावात आलीया, तिला काय परकं हाय?" दोघींचं खोटं नव्हतं. मुलगी मराठी छान बोलायची, बोलण्याला साताऱ्याचा हेलही होता. कानाला ती इथलीच वाटायची, आणि म्हणून पहिले पाच-सहा आठवडे कुणाला काही वेगळं करावंसं वाटलं नाही. तमिळ किंवा पंजाबी मूल आलं असतं तर आम्ही पहिल्याच दिवशी सावध झालो असतो.

जुलैत मी निबंध दिला, 'माझे गाव'. दरवर्षी देते, मुलं डोळे मिटून लिहितात. ही उभी राहिली. "मॅम, कोणतं गाव लिहायचं?" वर्ग हसला. तिने विनोद केला नव्हता. वहीत तिने लिहिलं होतं ते चार ओळींत संपलं होतं, आणि ते आमच्या गावावर नव्हतंच. जोधपूरच्या क्वार्टरचा ब्लॉक नंबर, समोरचं पार्क, संध्याकाळी वाजणारं बिगुल. 'शाळा'ची 'शाला' झालेली, 'पाणी'चं 'पानी'. 'माझी पुस्तक', कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. नपुंसकलिंग कुठे सापडेना. जोडाक्षरं मात्र एकदम शुद्ध, कारण संस्कृत झालेलं. पहिल्या घटक चाचणीत गणितात २० पैकी १८, मराठीत ५. मराठी तिला कानाने येत होतं, हाताने नाही. लिहायला ती पहिल्यांदाच बसली होती, तेही सातवीच्या पुस्तकापासून.

इतिहासात आणखी खोल खड्डा होता. सातवीचा आमचा इतिहास शिवकाळ आणि मराठ्यांचा. तो चौथीच्या 'शिवछत्रपती'वर उभा आहे. आमच्या मुलांना अफजलखान, पन्हाळा, पुरंदर हे तेव्हापासून पाठ, म्हणून सातवीचं पुस्तक त्या गोष्टी पुन्हा पहिल्यापासून सांगत बसत नाही. या मुलीच्या वडिलांच्या रेजिमेंटची युद्धघोषणा 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. ती तिने परेडवर शेकडो वेळा ऐकलेली, अंगावर काटा यावा अशी म्हणूनही दाखवायची. पण राजगड कुठे आणि रायगड कुठे हे तिला सांगता येत नव्हतं, आणि वर्गात त्यावरून कुणीतरी म्हणालंच, "मिलिटरीवाल्याची आणि हे पण नाही येत?"

शाळेने केलेल्या दोन गोष्टींनी भर घातली. तिचं इंग्रजी फर्डं, स्टेजवर भीती नाही, म्हणून १५ ऑगस्टला इंग्रजी भाषण तिला दिलं. हिंदीच्या तासाला प्रकटवाचन रोज तिलाच. शिक्षकांचा हेतू चांगला होता, मुलीला मान मिळावा हाच. पण नव्या मुलीला पहिल्या दोन महिन्यांत नमुना म्हणून पुढे केलं की बाकीच्या मुली तिला आपल्यात घेत नाहीत. 'हिंदीवाली' हे नाव तेव्हाच पडलं. सप्टेंबरात हिंदीच्या तासाला ती मुद्दाम अडखळत वाचायला लागली. हिंदीचे सर चक्रावले. मला तो पहिला स्पष्ट इशारा वाटला: जे येतं ते ती लपवत होती.

दुसरी गोष्ट 'सैनिक पाल्य गट'. शाळेत ज्यांचे वडील फौजेत आहेत अशी बरीच मुलं. मुख्याध्यापकांनी त्यांना एकत्र बसवलं, एकमेकांना आधार होईल म्हणून. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात ती मुलं आणि ही मुलगी यांच्यात वडिलांच्या गणवेशाखेरीज काहीच सामाईक नव्हतं. ती मुलं गावातच जन्मली, गावातच वाढली. त्यांच्यासाठी बाप म्हणजे वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा, कँटीनचं सामान आणणारा माणूस. तो घरी नसणं त्यांना कधी खटकलेलंच नाही. ही क्वार्टरमध्ये वाढलेली. मधल्या फील्डच्या काळात बाप लांब होता तरी आई, शाळा, शेजार सगळं छावणीतलंच होतं आणि खालच्या मजल्यावरच्या मुलीचा बापही तिथेच गेलेला असायचा. आता बाप गेला तो सगळंच घेऊन गेला. 'सैनिकांची मुलं' असा एकच गट मानणं ही आमच्या भागातल्या शाळांची सवय आहे, आणि ती सोडायला हवी असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

परिपाठातली बातमी

सप्टेंबरच्या शेवटी एक प्रसंग झाला. परिपाठात रोज एक मूल पेपरमधल्या बातम्या वाचतं. त्या दिवशीच्या मुलाने काश्मीरमधल्या चकमकीची बातमी वाचली, जवान गेल्याची. ठिकाण वडिलांच्या जवळपासचं नव्हतं. तेवढं कळायला नकाशा लागतो, तो कुणाच्या डोळ्यापुढे होता? ही रांगेतून निघून पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिली. कुणी ओरडू नये म्हणून मी लगेच मागे गेले नाही. मधल्या सुट्टीत विचारलं तर म्हणाली, "काही नाही मॅम, ऊन लागत होतं."

घरी काय चालतं ते त्यानंतर कळलं. आजी अंथरुणाला खिळलेली, तिला करमणूक म्हणून टीव्ही दिवसभर चालू, आणि त्यावर बातम्या. आजीचा लेक तिकडे, तिला बातम्या हव्यातच. आई स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकणार. वडिलांचा फोन कधी रोज, कधी आठवडाभर नाही. नेटवर्क नसतं, कधी परवानगी नसते. फोन आला नाही त्या रात्री तिघी जागत आणि कुणी कुणाला बोलत नसे. छावणीत अशा वेळी खालच्या मजल्यावरची बाई सांगायची की माझ्या घरच्यांचाही फोन नाही, सगळ्यांचंच नेटवर्क गेलंय. तो दिलासा गावात कुणाकडे नव्हता. उलट गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय गं, फोन आला का बापाचा?" काळजीपोटीच, पण दिवसातून तीनदा.

आईशी मी शाळेत नाही, घरी जाऊन बोलले. पडवीत, त्याच पेट्यांवर बसून. तिचीही स्थिती समजून घ्यायला हवी होती. बारा वर्षं ती स्वतःचं घर चालवत होती, बँक, शाळा, दवाखाना एकटीने करत होती, वेल्फेअरच्या मीटिंगमध्ये माइकवर बोलत होती. गावात ती पुन्हा धाकटी सून झाली. मुलीच्या शाळेत पालकसभेला जायचं तर दीर जायचे. मी एवढंच सांगितलं की यापुढे सभेला तुम्हीच या. आणि आजीसाठी बातम्यांऐवजी दुपारी भजनाचं चॅनल लावता आलं तर बघा, रात्री नऊच्या बातम्या तेवढ्या राहू द्या. आजीने कुरकुर केली, मग नातवानेच, मुलीच्या धाकट्या भावाने, रिमोट ताब्यात घेतला. परिपाठातल्या बातम्या शिक्षकाने आधी पाहायच्या, एवढा नियम शाळेत झाला. काश्मीर वगळायचं असं नाही, पण मथळा फेकून पुढे जायचं नाही.

जे उपयोगी पडलं

पहिली गोष्ट, डबा. ती घरून पराठा आणायची आणि वर्गात एकटी बसून खायची. आठवीपर्यंतची बाकीची मुलं व्हरांड्यात शालेय पोषण आहाराची खिचडी एकत्र खातात. आईला वाटायचं ती खिचडी ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. मी म्हटलं, डबा पाठवू नका, ताटली पाठवा. मैत्री व्हायला याहून मोठं काही लागलं नाही. खिचडी चांगली नसते त्या दिवशी सगळ्यांनी मिळून खिचडीलाच नावं ठेवायची, यात या मुलीचा हिंदी-इंग्रजी शब्दसाठा फारच कामी आला म्हणे.

जोडीदार म्हणून मी वर्गातली पहिली आलेली मुलगी दिली नाही. तिच्या वाटेवरची, सायकलने येणारी, अभ्यासात मध्यम, तोंडाने फटकळ अशी एक पाहिली. वाटेत पाच वाड्या-वस्त्या लागतात. कुठल्या घरात कोण, कुठल्या विहिरीत कुणाची म्हैस पडली, हे सगळं महिनाभरात हिच्या कानी आलं. 'माझे गाव' लिहायला लागणारा मालमसाला तो हाच. खेळात तिला बास्केटबॉल येत होता, आमच्याकडे कोर्ट नाही. खो-खोत पाय चालले, दिवाळीनंतर संघात गेली.

मराठीसाठी तिला कच्च्या मुलांच्या जादा तासाला बसवायचं नाही हे मी ठरवलं होतं. तिथली मुलं वाचनात मागे असतात, हिची अडचण वेगळी. बालभारतीची 'मराठी सुलभभारती' ही पुस्तकमाला इतर माध्यमांच्या मुलांसाठी असते. तिची पाचवी आणि सहावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली, फुकट मिळतात. धडे छोटे, व्याकरण पायरीपायरीने. मराठी माध्यमाच्या शिक्षकांना ती सहसा ठाऊक नसतात, कारण आपल्याला कधी लागत नाहीत. रोज एक पान, घरी, मला दाखवायचं.

इतिहासाला वेगळी युक्ती लागली. सातवीतल्या मुलीच्या हातात चौथीचं पुस्तक दिलं तर ती ते दप्तरातून बाहेर काढणार नाही. पण धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीतच होता, आणि त्याचं तर मराठी वाचनच अडत होतं. "त्याला 'शिवछत्रपती' तू वाचून दाखव, तेवढं काम कर," असं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक संपलं. दोघांचं काम झालं, आणि कुणाला काही शिकवल्यासारखं झालं नाही.

सर्वांत जास्त उपयोग पत्रांचा झाला. कल्पना माझी नव्हे, आईची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात फोन नव्हता तेव्हा ती पत्रं लिहायची, ते तिला आठवलं. पोस्टातून आंतर्देशीय आणली. वर वडिलांचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी 'द्वारा ५६ एपीओ', हा फौजी टपालाचा पत्ता. दर रविवारी मुलीने एक पत्र लिहायचं, मराठीत. तपासायचं नाही ही माझी अट होती. वडिलांची उत्तरं यायला कधी पंधरवडा लागायचा. बारावीपर्यंत इथेच शिकलेले, पण अक्षर कोंबडीचे पाय, आणि शुद्धलेखन म्हणाल तर लेकीच्याच वळणाचं. एकदा ती उत्तर घेऊन माझ्याकडे आली: "मॅम, पप्पांनी 'पोहोचलो' बरोबर लिहिलंय का?" वडिलांच्या चुका काढायला मिळतात म्हटल्यावर ऱ्हस्व-दीर्घात रस वाढला. त्या पत्रांत आमच्या गावची शेती, भावाची भांडणं, खो-खो असं सगळं असायचं. वडिलांना गावची खबर हवी असायची, म्हणून तिला ती गोळा करावी लागायची.

हे सगळं गुण्यागोविंदाने झालं असं नाही. नोव्हेंबरात वडिलांची मंजूर झालेली सुट्टी रद्द झाली आणि तिने पत्रं बंद केली, महिनाभर. खो-खोत एकीशी मारामारीही झाली. समुपदेशनासाठी तालुक्यावरून आलेल्या मॅडमनी तिला "तुला काय वाटतं ते मोकळेपणाने सांग" म्हटलं, ती हसली आणि "सगळं ठीक आहे" म्हणाली. फौजी घरातली मुलं हे वाक्य फार लवकर शिकतात. त्यावर विश्वास ठेवू नये आणि ते खोटं ठरवायलाही जाऊ नये. डबा, वाट, पत्र अशा गोष्टींत हात घालावा. जानेवारीत वडील आले, प्रजासत्ताक दिनाला शाळेत आले, आणि तिने भाषण करायला स्वतःहून नकार दिला. मुलींच्या रांगेत उभी राहिली. मला ते बरं वाटलं.

द्वितीय सत्राच्या संकलित मूल्यमापनात मराठीत तिला निम्म्याहून थोडे जास्त गुण मिळाले. लेखन अजून अडतं. 'मॅम'चं 'बाई' झालं नाही, होऊही नये.

पुढचा प्रश्न

वडिलांचा आरआरचा काळ संपेल तेव्हा ती आठवीच्या शेवटाला किंवा नववीच्या सुरुवातीला असेल. पुढची नेमणूक पीस स्टेशनची, म्हणजे कुटुंब सोबत नेता येईल अशा ठिकाणची, झाली तर आई पुन्हा क्वार्टर घेईल, तिला ते हवंच आहे. मुलीच्या दृष्टीने हा काळ अवघड. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीला संपतं. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीतच होते, केंद्रीय विद्यालयात नववीत नव्याने येणाऱ्यांना प्रवेश परीक्षा असते, आणि दहावीच्या तोंडावर बोर्ड बदलणं म्हणजे वर्षाशी जुगार. त्यामुळे जायचं असेल तर आठवी संपताच, राहायचं असेल तर दहावीपर्यंत. मधला कुठलाही टप्पा नको, असं मी आईला आणि फोनवर वडिलांना सांगितलं आहे. वडिलांनी युनिटला कळवून ठेवलं आहे. सैन्यात इच्छा विचारतात, हमी देत नाहीत.

तोवर दोन्ही दारं उघडी ठेवायची. आमच्याकडे आठवीपासून हिंदी संपूर्ण किंवा हिंदी-संस्कृत संयुक्त असा पर्याय असतो. केंद्रीय विद्यालयात सहावीला तिचं संस्कृत झालेलं, सातवीचं वर्ष मध्ये कोरडं गेलं. संयुक्त घेतलं तर ते टिकेल आणि तिकडे परत जावं लागलं तर उपयोगी पडेल. वर्गातल्या मैत्रिणी हिंदी संपूर्ण घेताहेत, तिलाही तेच हवं होतं. शेवटी ती सायकलवाली फटकळ मुलगी संयुक्तला यायला तयार झाली, तिच्या आईला संस्कृतमध्ये गुण मिळतात असं कुणीतरी सांगितलं होतं. दोघींचे फॉर्म एकाच दिवशी ऑफिसात जमा झाले. सातवीच्या सुट्टीत संस्कृतची उजळणी कोण घेणार, हे अजून ठरायचं आहे. आमच्याकडे संस्कृतचे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत आणि ते जूनमध्येच येतात.